पाटीचे लाकूड, दिवाळीचा गंध : सातवीण

शरद ऋतू सरत येतो आणि वसई-विरारच्या हवेतील पावसाळी दमटपणा ओसरू लागतो, त्या सुमारास रस्त्यांच्या कडेला, गृहसंकुलांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत लावलेली सातवीण फुलते, आणि एरवी वर्षभर हिरवीगार असूनही जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तिची दखल सायंकाळच्या उग्र दरवळामुळे घ्यावीच लागते. ‘अल्स्टोनिया स्कॉलॅरिस’ असे शास्त्रीय नाव असलेली ही जाती सदाहरित आहे, म्हणजे तिची सगळी पाने एकाच ऋतूत गळून ती उघडी पडत नाही. भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती निसर्गतः वाढते. सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या ओलसर वनांतही ती मूळचीच असल्याने मादागास्करहून आलेल्या गुलमोहराच्या पंक्तीत तिला बसवता येत नाही.

सातविणीची ओळख पटवण्यासाठी फुलांची वाट पाहावी लागत नाही. तिच्या फांद्या खोडाभोवती एकाच पातळीवर चक्राकार फुटतात, त्यामुळे तरुण झाड मजल्यामजल्यांनी चढत गेलेले दिसते, आणि हीच मांडणी पानांतही उतरते. पेरावर साधारणतः सात, परंतु कधी चार तर कधी दहापर्यंत पाने एका वर्तुळात येतात. पान वरून गर्द हिरवे, चिवट व तुळतुळीत, खालून फिकट असते. मधल्या शिरेपासून निघालेल्या दाट समांतर शिरा कडेला एका बारीक शिरेत मिळतात. देठ खुडताच पांढरा चीक ओघळतो, आणि कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली, करवंद ज्या कुळात मोडतात त्याच कुळाशी सातविणीचे नाते त्या थेंबात दिसते. पुष्कळ पानांवर फोडांसारख्या गाठी आढळतात. त्या रोगजंतूंमुळे नव्हे, तर सिलिड नावाच्या सूक्ष्म रसशोषक कीटकामुळे येतात, कारण त्याच्या पिल्लांभोवती पानाची ऊती वेडीवाकडी वाढून त्यांना आतल्या आत निवारा मिळतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला परोपजीवन शिकण्यासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

या झाडाचा विद्येशी संबंध केवळ आवारापुरता नाही. त्याचे लाकूड पांढरट, मऊ आणि हलके असल्याने त्यापासून खोकी, आगकाड्या आणि मुलांना अक्षरे गिरवण्याच्या पाट्या बनत असत. डच कंपनीच्या सेवेत अंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियसने आपल्या ग्रंथात त्याला शाळेचे लाकूड या अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि 1767 मध्ये लिनीअसने जातिनाम ठेवताना तोच धागा उचलला. पुढे रॉबर्ट ब्राऊनने एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स अल्स्टन यांच्या स्मरणार्थ प्रजातीचे नाव ‘अल्स्टोनिया’ असे केले. मात्र त्याआधी, 1678 मध्ये अॅम्स्टरडॅमला निघालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’च्या पहिल्या खंडात हे झाड ‘पाला’ या मलबारी नावाने आले होते. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे त्या ग्रंथाला साहाय्य झाले होते, ही गोष्ट कोकणच्या वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावी. शांतिनिकेतनात तर देवेंद्रनाथ ठाकुरांच्या ध्यानाची जागा सातविणीखालीच होती, आणि विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात स्नातकांना तिचीच पाने देण्याची प्रथा होती.

सालीचा उपयोग अधिक जुना असून अधिक जपून सांगण्याजोगा आहे. गोव्यात व दक्षिण कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर सातविणीच्या सालीचा कडू रस घेण्याची चाल आहे, आणि तुळुनाडूत आटी अमावास्येला तिचाच कषाय पितात. हिवतापावरील औषध म्हणून 19व्या शतकात फिलिपिन्समध्ये या सालीचा मोठा बोलबाला झाला, परंतु पुढील तपासण्यांत तिचा क्विनीनइतका प्रभाव सिद्ध झाला नाही. शिवाय जंगलातून साल आणताना चुकून विषारी काजऱ्याची साल आणली गेली तर ते जिवावर बेतते. काजऱ्याला चीक नसतो आणि त्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, एवढे ज्ञानही प्राण वाचवू शकते.

फुले लहान, हिरवट पांढरी आणि झुबक्यांत असतात. त्यांच्या सुगंधी तेलात लिनालूल हे द्रव्य मोठ्या प्रमाणात आढळते. मोकळ्या जागेतील एका झाडाचा गंध सुखद वाटतो, परंतु इमारतींच्या खिडक्यांना खेटून ओळीने लावलेल्या झाडांचा गंध बंदिस्त होऊन काहींना डोकेदुखी होते व दम्याच्या रुग्णांना त्रास जाणवतो. ही तक्रार खोटी ठरवणे अन्यायाचे होईल, तथापि तिचे मूळ झाडापेक्षा लागवडीच्या आखणीत आहे, आणि वाढलेले निरोगी झाड तोडणे हा त्यावरचा पहिला उपाय असू नये. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. नव्या लागवडीत मात्र वर्गखोल्यांपासून दूर, क्रीडांगणाच्या कडेला सुटी सुटी झाडे लावणे आणि मधल्या जागा बकुळ, उंडी, सीता अशोक यांसारख्या देशी सदाहरित वृक्षांनी भरणे श्रेयस्कर ठरते. म्हणजे गंध विखुरतो, आणि जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा उकलून दोन्ही टोकांना केसांचे झुपके असलेले बी वाऱ्यावर निघाले की ते वेचून न्याहाळण्याची सोयही विद्यार्थ्यांना मैदानावरच मिळते.