वेल्ह्यात वकिली सुरू करायची? सनद, पहिली तीन वर्षं आणि जमिनीचा मोह

आपल्या चॅनेलवर किराणा, डेअरी, मसाले, टेलरिंग असे विषय नेहमी होतात. पण भोर-वेल्हे भागातून एक प्रश्न सारखा येतो. "सर, एलएलबी झालं. पुण्यात थांबू की गावाकडे ऑफिस टाकू?" व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं ते इथे सविस्तर लिहितो. मी वकील नाही. मी हिशोबाच्या बाजूने बघणारा माणूस. पण वकिली हासुद्धा स्वतःच्या पायावर उभा राहायचा व्यवसाय आहे, आणि त्यात भाडं, प्रवास, उधारी, ग्राहक सगळं येतं. ग्राहकाला इथे पक्षकार म्हणतात, एवढंच.

एक फरक मात्र आधीच डोक्यात पक्का करा. आपण इतर धंद्यात शिकवतो ते मार्केटिंग इथे चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६ क्रमांकाचा नियम सांगतो की वकिलाने जाहिरात करायची नाही, एजंट लावून काम मिळवायचं नाही. ऑफिसची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी, आणि तिच्यावर "जमीन प्रकरणांचे तज्ज्ञ" असं लिहायचं नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर स्वतःची वेबसाइट ठेवता येते, पण तिथे नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच द्यायची. म्हणजे चौकात फ्लेक्स नाही, "पहिला सल्ला मोफत" नाही, आणि "केस जिंकून देतो" छापाची रील तर नाहीच नाही. मग माणसं येणार कुठून? ते पुढे बघू.

सनद कशी मिळते

हा भाग सोपा आहे, पटकन उरकतो. पदवी हातात आली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात फी ठरलेली आहे: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. बऱ्याच राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये जास्त घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी हा निकाल फार मोलाचा आहे, म्हणून तो आठवणीत ठेवा.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा, जिला सगळे एआयबीई म्हणतात. १०० प्रश्न, पर्याय दिलेले. पास व्हायला सर्वसाधारण गटाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तकं आत नेता येतात. नोंदणीपासून दोन वर्षांत ही परीक्षा काढायची. "बघू नंतर" म्हणून ती लांबवणारे खूप असतात. लांबवू नका.

आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदललेत. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम. थोरल्या वकिलांच्या तोंडात अजून जुनी कलमं आहेत. नवी कलमं ज्याला चटकन सांगता येतात असा ज्युनिअर त्यांना हवाच असतो. तुमच्या बाजूने असलेली ही एक गोष्ट वापरा.

पहिली तीन वर्षं: पैशाचं गणित

इथे बहुतेकांची गाडी घसरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की ज्युनिअर वकिलाला शहरात महिन्याला २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी सिनिअर स्वतःच जेमतेम कमावत असेल तर तो कुठून देणार? त्यामुळे १५,००० धरून घराचं बजेट आखू नका.

एक नमुना हिशोब मांडू. आकडे मी समजायला घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा तुम्ही मार्गासनीत राहता आणि भोरच्या कोर्टात सिनिअरकडे जाता. पेट्रोल ४,०००, मोबाईल-इंटरनेट ५००, पुस्तकं-झेरॉक्स १,५००, चहा-डबा २,०००. महिन्याचे झाले ८,०००. सिनिअर देतात ५,०००. म्हणजे दरमहा ३,००० ची तूट, आणि ३६ महिन्यांची १,०८,०००. वर कोट, बॅंड, गाऊन, एखादा जुना प्रिंटर, चार मूळ कायद्याची पुस्तकं यांचे २०-२५ हजार. म्हणजे साधारण सव्वा-दीड लाख ही तुमच्या "धंद्याची" सुरुवातीची गुंतवणूक. मशीन नाही, माल नाही, तरी भांडवल लागतंच. हे पैसे कुठून येणार ते घरात आई-वडिलांसमोर बसून पहिल्याच दिवशी बोला. "मुलगा वकील झाला" म्हटल्यावर घरच्यांना वाटतं पुढच्या महिन्यापासून पैसे येतील. हा गैरसमज तुम्हीच काढायचा आहे.

कर्ज काढून एसी ऑफिस टाकू नका, हे माझं स्पष्ट मत. पहिल्या तीन वर्षांत तुमचं ऑफिस म्हणजे सिनिअरच्या टेबलाचा कोपरा. देशाचे सरन्यायाधीश झालेले अमरावतीचे भूषण गवई यांनी १६ मार्च १९८५ ला वकिली सुरू केली, आणि १९८७ पर्यंत ते बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली काम करत होते. स्वतंत्र काम त्यानंतर.

जोडउत्पन्नाचं काय? पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही, आणि स्वतः उभं राहून दुसरा धंदाही चालवता येत नाही. कायदा शिकवायला मात्र परवानगी आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, आणि १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. एवढ्या शिकलेल्या माणसालाही सुरुवातीला जोडकाम लागलं. तेव्हा एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवण्यात कमीपणा मानू नका.

वेल्ह्यात काम आहे कुठे?

वेल्हे, म्हणजे २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयानंतरचा राजगड तालुका. पुणे जिल्ह्यातला डोंगरी, विरळ वस्तीचा भाग. इथे मोठ्या कंपन्या नाहीत, त्यांचे करार नाहीत. इथलं काम म्हणजे जमीन. आणि जमिनीची कामं इतकी गुंतलेली आहेत की एखाद्याने त्यातच मन घातलं तर आयुष्य पुरणार नाही.

बघा ना. एका बाजूला राजगड-तोरणा आणि पुणं जवळ, म्हणून फार्महाऊसवाल्यांची खरेदी. दुसऱ्या बाजूला पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणं, म्हणजे संपादन, पुनर्वसन, आणि वर्ग २ च्या जमिनी, ज्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. त्यात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांची टांगती तलवार. आणि घरोघरी एकच सातबारा, त्यावर आजोबांपासूनची वीस नावं. निम्मी माणसं मुंबईला, दोन-चार वारलेली, वारसनोंद केलेलीच नाही. बहिणींची नावं कुणीतरी "हक्कसोड झालंय" म्हणून काढलेली, आणि हक्कसोडपत्र मागितलं तर कागद नाही.

ही कामं बहुतेक कोर्टात सुरू होतच नाहीत. ती तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दप्तरात सुरू होतात. खरेदी झाली की फेरफार टाकला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात. ज्याला हरकत घ्यायची त्याला हे कळेपर्यंत नोंद मंजूर झालेली असते. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली प्रांतांकडे अपील. तहसीलदार किंवा त्याखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवस. गावात ही एवढी एक गोष्ट वेळेवर सांगणारा माणूस असता तर कितीतरी घरांची पुढची दहा वर्षं वाचली असती. शेताचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली अर्ज, नवा रस्ता हवा असेल तर संहितेचं कलम १४३, आणि एकत्र जमिनीचं वाटप करायचं तर कलम ८५. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेतली असेल तर १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलत आलेत, म्हणून पुस्तक जुनं असलं तर त्यावर विसंबू नका, ताजा शासन निर्णय काढून वाचा.

दुसरं काम शोध अहवालाचं. खरेदीदार जमीन घेण्याआधी ३० वर्षांचा शोध मागतो. सूची क्रमांक २, जुने फेरफार, सातबाराचे बंद झालेले उतारे. बरंचसं ऑनलाइन मिळतं, पण हस्तलिखित मोडी-बाळबोध नोंदी बघायला तहसीलच्या अभिलेख कक्षातच जावं लागतं. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, त्यामुळे इथल्या जुन्या नोंदींत इनाम, वतन असे शब्द भेटणार. मोडी वाचायला शिका, असं मी आवर्जून सांगेन. काही महिन्यांचा वर्ग पुरतो, आणि या भागात तुमच्याकडे असं कौशल्य येईल जे शहरातल्या वकिलाकडे सहसा नसतं.

आता मघाचा प्रश्न, जाहिरात नाही तर माणसं येणार कुठून? तालुका विधी सेवा समितीची शिबिरं असतात, तिथे नाव द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमाती, बालक, कोठडीतले लोक अशांना मोफत वकील मिळतो. मानधन कमी असतं, पण उभं राहून बोलायची सवय लागते आणि गावात तोंडओळख होते. एखाद्या म्हातारीचं वारसनोंदीचं काम तुम्ही नीट केलंत तर विंझरच्या बाजारात तीच तुमचं नाव सांगते. याला नियम ३६ लागू होत नाही!

आता तो मोह

हा भाग लिहायचा म्हणूनच खरं तर हा लेख. वेल्ह्यातल्या नव्या वकिलाला पहिली ऑफर कोर्टातून येत नाही, ती प्लॉटिंगवाल्याकडून येते. "वकीलसाहेब, तुम्ही गावचे, लोक तुमचं ऐकतात. सह्या गोळा करून द्या, गुंठ्यामागे एवढे घ्या." हातात महिन्याला ५,००० येत असताना एका व्यवहारात लाखाची गोष्ट कुणी बोललं तर माणूस हलतो. मला समजतं ते.

पण हिशोब पूर्ण करा. एक, स्वतः दलालीचा धंदा करणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तक्रार झाली तर सनदेवर येतं. दोन, विकणारा तुमचा चुलता आणि पैसे देणारा बिल्डर, मग तुम्ही वकील कुणाचे? पुढे वीस नावांपैकी एका बहिणीने दावा लावला की गोळा केलेल्या सह्यांच्या कागदावर साक्षीदार म्हणून तुमचं नाव निघतं, आणि तुम्ही त्या खटल्यात वकील न राहता साक्षीदार होता, किंवा आरोपी. तीन, त्या गावात तुम्हाला पुढची तीस वर्षं काढायची आहेत.

याचाच दुसरा चेहरा म्हणजे "आत्ता पैसे नाहीत, केस जिंकली की दोन गुंठे तुमच्या नावावर करतो." पक्षकार हे मनापासून म्हणतो. तरीही नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या मालमत्तेत वाटा घेणं नियमाने बंद आहे.

मग फी कशी घ्यायची? टप्प्यांनी, आणि कागदावर लिहून. कागद तपासून तोंडी सल्ला द्यायचे इतके, अर्ज दाखल करायचे इतके, प्रत्येक तारखेचे इतके. मुद्रांक, नकला, प्रवास हे खर्च वेगळे दाखवा आणि पक्षकाराच्या पैशाची वही वेगळी ठेवा, कारण तसा हिशोब ठेवणं तुमच्यावर बंधनकारकही आहे. पावती द्या, ५०० रुपयांची असली तरी. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवायची पद्धत काहीजण सांगतील. ती चालत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत. म्हणून निम्मी रक्कम कामाआधी घेणं हाच व्यवहारी मार्ग. नात्यातल्या माणसालाही हेच सांगा: "काका, माझी फी नंतर बघू, पण नकलांचे आणि तिकिटांचे पैसे आज द्या." एवढं बोलायला जीभ अडखळते, पण पहिल्या वर्षी बोललात तर दुसऱ्या वर्षी लोकांना सवय होते.

शेवटी रोजनिशीबद्दल. कोणत्या तारखेला कोणत्या कोर्टात, कोणत्या कामात उभे राहिलात ते पहिल्या दिवसापासून लिहा. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, आणि दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला न्यायिक अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह लागतो. नोटरी व्हायचं तर सर्वसाधारण गटाला दहा वर्षांची वकिली, महिला आणि मागासवर्गीयांना सात. तुम्ही यातलं काही ठरवलं नसलं तरी वही आजच घ्या. भोरच्या कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानात मिळेल तसली साधी चालते.