हायब्रिड गाडी : आता घ्यावी की थांबावे?

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांत नव्या गाडीचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे पूर्वी पेट्रोल घ्यावे की डिझेल, एवढाच पेच असे. पुढे त्यात सीएनजीची आणि विजेवरच्या गाडीची भर पडली, आणि २०२२ नंतर बारा ते वीस लाखांच्या टप्प्यात हायब्रिड गाड्या आल्यामुळे हा पेच आणखी वाढला. त्यातूनच ‘हायब्रिड आत्ताच घ्यावी, की तंत्रज्ञान स्थिरावेपर्यंत आणि किमती उतरेपर्यंत दोन वर्षे थांबावे,’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. या प्रश्नात दोन वेगळ्या शंका एकत्र आलेल्या असतात. पहिली तंत्रज्ञानाच्या भरवशाची आणि दुसरी पैशाच्या हिशेबाची. पहिल्या शंकेचे उत्तर बरेचसे निःसंदिग्ध आहे, तर दुसरीचे उत्तर प्रत्येक घरासाठी वेगळे असल्याने त्या दोहोंचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

एका नावाखाली तीन प्रकार

ज्या गाडीत इंधनावर चालणारे इंजिन आणि बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर अशी दोन्ही साधने असतात, तिला ढोबळमानाने हायब्रिड म्हणतात. मात्र या एकाच नावाखाली तीन निरनिराळे प्रकार विकले जातात. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये स्टार्टर आणि जनित्र या दोहोंचे काम करणारे एक छोटे यंत्र असते; ते सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा अलगद सुरू करते आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावते, परंतु केवळ त्याच्या बळावर गाडी एक मीटरही पुढे सरकत नाही. ‘स्ट्राँग हायब्रिड’मधील मोटर आणि बॅटरी इतक्या सक्षम असतात की, कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी निव्वळ विजेवर चालू शकते, आणि ही वीज गाडी स्वतःच तयार करत असल्याने तिला चार्जिंगच्या तारेची गरज नसते. तिसऱ्या ‘प्लग-इन हायब्रिड’ प्रकारात बॅटरी मोठी असते व ती घरी चार्ज करता येते, मात्र भारतात हा प्रकार मोजक्या महागड्या गाड्यांपुरताच मर्यादित राहिला आहे.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही, तर ग्राहकाच्या खिशाशी संबंधित आहे. २०१५ साली मारुतीच्या सियाझ या गाडीतून माइल्ड हायब्रिड भारतातील सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेतील अनुदानही तिला मिळाले. मात्र तिच्यामुळे होणारी इंधनबचत मर्यादित असल्याने डिझेलवरील माइल्ड हायब्रिड गाड्यांचे अनुदान १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्यात आले. आजही मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर यांसारख्या एकाच नावाच्या गाडीत माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात, त्यामुळे नुसत्या ‘हायब्रिड’ या शब्दावर बुकिंग करणे धोक्याचे आहे. या लेखात यापुढे हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिड असेच समजावे.

तंत्रज्ञान किती जुने, किती पक्के

टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस ही गाडी विक्रीस आणली, तेव्हापासून पाव शतकाहून अधिक काळ हे तंत्रज्ञान रस्त्यावर आहे. भारतातही २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड, २०१० मध्ये आयात केलेली प्रियस आणि २०१३ पासून कर्नाटकातील बिडदी येथे जोडणी होणारी कॅमरी हायब्रिड उपलब्ध होती. परंतु किमतीमुळे त्या मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर राहिल्या. मे २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हायरायडर व ग्रँड व्हिटारा आणि वर्षाअखेरीस इनोव्हा हायक्रॉस आल्यावर हे चित्र पालटले. म्हणजे भारतीय बाजारात ही गाडी नवी भासली, तरी तिच्यातील यंत्रणा प्रयोगावस्थेतील नाही.

या गाड्यांतील इंजिन ‘ॲटकिन्सन चक्रा’वर चालते. ब्रिटिश अभियंता जेम्स ॲटकिन्सन यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या या कल्पनेत ज्वलनानंतर वायूला प्रसरण पावण्यास अधिक वाव दिला जातो, त्यामुळे त्याच इंधनातून अधिक काम मिळते आणि इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. मात्र असे इंजिन कमी फेऱ्यांवर अशक्त असते आणि पिकअप देत नाही. हीच उणीव विद्युत मोटर भरून काढते, कारण मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावू शकते. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटरी एका ग्रहमालिका गिअरसंचाने जोडलेल्या असतात व चाकांपर्यंत दोहोंचीही शक्ती मिसळून पोहोचते. होंडाच्या पद्धतीत शहरातील वेगात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीजनिर्मिती करते, चाके मोटर फिरवते आणि महामार्गाच्या स्थिर वेगात इंजिन थेट चाकांशी जोडले जाते.

ब्रेक दाबल्यावर साध्या गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तर हायब्रिडमध्ये तीच मोटर जनित्र बनून त्या ऊर्जेची वीज करते. सिंहगड रस्ता, हिंजवडी किंवा घोडबंदर रस्त्यावरील दर शंभर पावलांवर थांबणाऱ्या वाहतुकीत ही क्रिया अखंड चालू राहते आणि इंजिन बराच काळ बंद असते. म्हणूनच साध्या गाडीचे ॲव्हरेज शहरात जितके घसरते, तितके हायब्रिडचे घसरत नाही. कंपन्यांचे प्रमाणित आकडे हायरायडर व ग्रँड व्हिटारासाठी लिटरला २७.९७ किलोमीटर आणि हायक्रॉससाठी २३.२४ किलोमीटर असे आहेत. ते प्रयोगशाळेतील असल्याने रस्त्यावर त्याहून कमीच मिळते, पण शहरातील तुलनात्मक लाभ खरा असतो.

घाटात मात्र या यंत्रणेची मर्यादा दिसून येते. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत बोरघाट उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. प्रवाशांसह दीड टन वजनाच्या गाडीची या उतारावर मोकळी होणारी ऊर्जा सुमारे सव्वादोन युनिट भरते, येथे युनिट म्हणजे वीजबिलातील एक किलोवॅट-तास. हायरायडरच्या बॅटरीची क्षमता मात्र केवळ ०.७६ युनिट, म्हणजे जेमतेम पाऊण युनिट आहे, आणि टिकाऊपणासाठी तिचाही काही भागच वापरला जातो. हवेच्या रोधात आणि टायरच्या घर्षणात खर्च होणारा वाटा वजा केला, तरी उतार संपण्याआधीच बॅटरी भरून जाते आणि उरलेली ऊर्जा इंजिनाच्या रोधाने व ब्रेकने जिरवावी लागते. उलट चढावर ही छोटी बॅटरी लवकर रिकामी होऊन सारा भार लहान इंजिनावर येतो व त्याचा आवाज वाढतो. ज्यांचा प्रवास मुख्यतः घाटांतून किंवा महामार्गावरून होतो, त्यांनी चाचणीसाठी गाडी शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर न चालवता चढावर चालवून पाहावी.

किलोमीटरचा हिशेब

एकाच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड आवृत्त्यांच्या एक्स-शोरूम किमतींत दोन लाखांचा फरक आहे असे धरले, तर त्यावरील वाहनकर आणि वाढीव विमा मिळून ऑन-रोड फरक सुमारे २ लाख ३० हजार रुपये होतो. पेट्रोल लिटरला १०४ रुपये, शहरात साध्या गाडीचे ॲव्हरेज १३ आणि हायब्रिडचे २० धरल्यास किलोमीटरमागील इंधनखर्च अनुक्रमे ८ रुपये आणि ५ रुपये २० पैसे येतो, म्हणजे बचत २ रुपये ८० पैशांची होते. या दराने जास्तीची रक्कम वसूल होण्यासाठी सुमारे ८२ हजार किलोमीटर धाव लागते. वर्षाला २४ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी साडेतीन वर्षेही पुरतात, १२ हजार किलोमीटर चालणारीला जवळपास सात वर्षे लागतात आणि ६ हजार किलोमीटर चालणारीला साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. शेवटच्या उदाहरणातील वार्षिक बचत १६ हजार ८०० रुपये आहे. तेवढेच २ लाख ३० हजार रुपये सात टक्के व्याजाने मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला १६ हजार १०० रुपये व्याज मिळते आणि मुद्दलही शाबूत राहते.

महामार्गावर हा हिशेब आणखी बदलतो. तेथे साधी गाडी १७ आणि हायब्रिड २० किलोमीटर देते असे मानले, तर किलोमीटरमागील बचत ९२ पैशांवर येते आणि वसुलीसाठी अडीच लाख किलोमीटर लागतात. पुण्याहून आठवड्याला एकदा गावी जाणाऱ्या आणि एरवी गाडी इमारतीखाली उभी ठेवणाऱ्या कुटुंबाला हायब्रिडचा आर्थिक लाभ जवळपास मिळत नाही. केवळ इंधनखर्च हाच निकष असेल, तर सीएनजी तिच्या पुढे आहे. किलोला ८० रुपये आणि २४ किलोमीटरचे ॲव्हरेज धरल्यास किलोमीटरमागे सव्वातीन ते साडेतीन रुपयेच पडतात. त्या बदल्यात पंपावरची रांग, चढावरचा कमी जोर आणि बहुतेक गाड्यांत डिक्कीतील टाकी यांना तोंड द्यावे लागते. अर्थात डिक्कीबाबत हायब्रिडही निर्दोष नाही, कारण ग्रँड व्हिटारासारख्या गाडीत मागील बाजूच्या बॅटरीमुळे सामानाची जागा सुमारे शंभर लिटरने घटते.

करांनी बदललेले गणित

सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के कर होता, तर त्याच आकाराच्या पेट्रोल गाड्यांवर ४५ आणि मोठ्या एसयूव्हींवर ५० टक्के कर लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन या सर्वांवर सरसकट ४० टक्के दर लागू झाला. हायब्रिड त्यामुळे स्वस्त झाली हे खरे, पण तिचे प्रतिस्पर्धी अधिक स्वस्त झाले आणि करातील तिची जी काही सवलत होती ती संपली. विजेवरील गाड्यांवरचा ५ टक्के दर मात्र कायम राहिला. राज्यपातळीवरही हेच चित्र आहे. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला, तशी माफी महाराष्ट्रात मिळालेली नाही. येथे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहनकर आहे, तर विजेवरील गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणाने करमाफी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर टोलमाफी देऊ केली आहे.

नव्या करदरांत थांबण्याच्या बाजूचा एक ठोस मुद्दाही आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या इंजिनाच्या पेट्रोल-हायब्रिडला केवळ १८ टक्के दर लागतो, परंतु २०२२ पासून लोकप्रिय झालेल्या सर्व स्ट्राँग हायब्रिड गाड्या त्या मर्यादेपेक्षा मोठ्या आहेत. कंपन्यांच्या संपूर्ण विक्रीवर सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा घालणाऱ्या ‘कॅफे’ नियमांचा तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून प्रस्तावित असल्याने छोटी हायब्रिड आणण्याचे कारण कंपन्यांनाही आहे. अशी गाडी आली, तर हायब्रिडचे अर्थकारण मुळातून बदलेल.

बॅटरी आणि इथेनॉल

बॅटरीची धास्ती हे थांबण्याचे सर्वांत प्रचलित कारण असले, तरी ते सर्वांत दुबळे आहे. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिन्ही कंपन्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात. शिवाय विजेवरील गाडीत तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असते, तर येथे ती एका युनिटाच्या आतबाहेर असल्याने हमीनंतर बदलण्याची वेळ आली, तरी खर्चाचे प्रमाण त्याच मानाने लहान राहते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्नही हायब्रिडपुरता वेगळा नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज काहीसे घटते, परंतु ते साऱ्याच पेट्रोल गाड्यांचे घटते, आणि नव्या गाड्या त्या मिश्रणासाठी बनवलेल्या असल्याने उलट जुनी गाडी चालवत राहणाऱ्याला त्याची झळ अधिक बसते.

निष्कर्ष

थांबण्यालाही किंमत असते. जुन्या गाडीची दुरुस्ती, तिचे घसरणारे पुनर्विक्रीमूल्य आणि दरम्यान जळणारे जास्तीचे पेट्रोल हा त्या किमतीचाच भाग असतो. म्हणून ‘पुढे काहीतरी चांगले येईल’ एवढ्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही. ज्यांची गाडी वर्षाला अठरा-वीस हजार किलोमीटर धावते, त्यातील बहुतांश धाव शहराच्या कोंडीत होते आणि ज्यांच्या सोसायटीत चार्जिंगची सोय नाही, त्यांनी हायब्रिड आत्ता घ्यावी. ज्यांच्याकडे हक्काचे पार्किंग व चार्जिंग आहे आणि रोजचा प्रवास ठरलेला आहे, त्यांनी विजेवरील गाडीचा विचार आधी करावा. वर्षाला दहा हजार किलोमीटरही न चालवणाऱ्यांनी हायब्रिडसाठी ना थांबावे ना जास्तीचे पैसे मोजावेत. साधी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी त्यांना पुरेशी आहे. ज्यांना छोटी हायब्रिडच हवी आहे आणि ज्यांची सध्याची गाडी धडधाकट आहे, त्यांनीच २०२७ पर्यंत थांबावे. यांपैकी आपण कोणत्या गटात मोडतो हे विक्रेत्याला विचारण्याची गरज नाही. सर्व्हिसिंगच्या मागील दोन बिलांवरील किलोमीटरचे आकडे वजा केले की ते कळते, आणि ती वजाबाकी बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी प्रत्येकाने करावी.