दाराला रंग देण्याआधी

रमजान ईदच्या आधी घराला रंग द्यायचा, सगळ्या घराला जमले नाही तर निदान पुढच्या दाराला तरी, ही आपल्या घरांतली जुनी रीत. अंबडला आम्ही राहतो त्या भागात बहुतेक घरांतले कुणी ना कुणी कारखान्यात कामाला आहे. त्यामुळे रंगारी न बोलावता दार घरीच रंगवण्याची हिंमत पुष्कळांना असते. कुणाला वाटते, दार उचलून पावडर कोटिंगलाच द्यावे. लोखंडी ग्रिलला ते छान; पण ती पावडर भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर पक्की होते. सागवानी दार त्या तापात तडकायचे. लाकडाला ब्रशच बरा.

रंग लावणे अवघड नाही. सांभाळायचे असते ते जुना रंग घासताना. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारात शिसे आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. पिवळा, केशरी, लाल, हिरवा असे भडक ऑइल पेंट असतील तर शंका अधिक. रंग दारावर घट्ट बसलेला असेल तोवर फारशी भीती नाही. कोरड्या पॉलिश पेपरने घासला की त्याची बारीक धूळ फरशीवर, चादरीवर, पाण्याच्या माठावर बसते. रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. मुलांच्या शरीरात शिशाचे अमुक प्रमाण चालते, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. थोडेही शिसे बुद्धीच्या वाढीला आणि अभ्यासातल्या लक्षाला मारक ठरू शकते. पोटातल्या बाळालाही ते आईकडून पोहोचते.

म्हणून लहान मुले आणि गरोदर सुना-मुली यांना काम आटोपेपर्यंत नानीकडे पाठवावे. दाराखाली प्लॅस्टिक अंथरावे. जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडून काढण्याचा हट्ट कशाला? साबणाच्या पाण्याने दार धुवावे आणि ओल्या वॉटर पेपरने चमक जाईल एवढेच घासावे. पापुद्रे सुटले असतील तेवढीच जागा ओली करून पत्र्याने खरवडावी. घासायचे मशीन नको, ब्लो लॅम्पने रंग जाळणे तर मुळीच नको, कारण त्या धुरातही शिसे येते. साधा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क बांधावा. निघालेला चिखल पिशवीत बांधून टाकावा. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि अंघोळ झाल्याशिवाय मुलाला उचलू नये.

मग लाकूड एक-दोन दिवस नीट वाळू द्यावे. उघड्या जागी वूड प्रायमरचा हात, खड्ड्यांत लांबी, ती वाळल्यावर परत प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. सात फूट बाय तीन फुटांच्या दाराला दोन्ही बाजू आणि चौकट धरून एक लिटर पुरून उरतो. डब्यावर शिशाचे प्रमाण छापलेले पाहूनच घ्यावा. सुटा रंग कितीही स्वस्त मिळो, नको. दाराला दिले असतील तर आधी आतले दिले रंगवावेत, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या.

हे सगळे शाबानमध्येच उरकलेले बरे. रोजा असताना टर्पेंटाइनच्या वासाने डोके धरते, आणि चाँदरातीला रंगवलेले दार ईदच्या दिवशी पाहुण्यांच्या कपड्यांना लागते.

राहिली खालची कड. ती कुणाला दिसत नाही म्हणून रंगारीही सोडून देतात. रोज फरशी पुसतानाचे पाणी आणि पावसाळ्यातली ओल लाकूड तिथूनच पिते. मग जुलैत दार अडते, सुतार रंधा मारतो आणि लाकूड पुन्हा उघडे पडते. हिवाळ्यात तेच दार सैल होते. तेव्हा बिजागऱ्या काढून दार आडवे ठेवले असेल तर वरच्या आणि खालच्या कडेला प्रायमर व रंग आधी द्यावा, दर्शनी बाजू नंतर.