मूल बोलत नाही? वाट पाहू नका

"त्याचा बापही उशिराच बोलला," म्हणत मोलाची वर्षं जातात. वर्षाचं मूल हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नाही, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नाही किंवा येणारे शब्द विसरलं, तर कान तपासून घ्या. कान ठीक असले तरी थांबू नका. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असू शकते. हा आईचा दोष नाही, लशीचा नाही, बाहेरची बाधाही नाही. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे उपचार मोफत आहेत. घरी मोबाईल बाजूला ठेवा, समोर बसून "पाणी हवं?" एवढंच विचारा आणि उत्तरासाठी थांबा. खुणेने सांगितलं तरी शाबासकी द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. मान्यताप्राप्त शाळेला त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही.