अमेरिकेतील पदवीप्रवेश : चार वर्षांचा खातेउतारा

बारावीच्या निकालाचा दिवस आपल्याकडे साऱ्या घराच्या परीक्षेचा दिवस असतो. अकरावीकडे मात्र विसाव्याचे वर्ष म्हणून पाहिले जाते. त्या वर्षी जेमतेम गुण मिळाले, तरी कोणी फारसे मनावर घेत नाही. पाल्याला बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेस पाठवू इच्छिणाऱ्या पालकांना हीच समजूत महागात पडू शकते.

तेथील बहुतेक नामांकित महाविद्यालयांची अर्जाची मुदत नोव्हेंबर ते जानेवारीच्या आरंभापर्यंत संपते आणि नियमित फेरीचे निर्णय सर्वसाधारणपणे मार्चअखेरपर्यंत कळतात. आपल्या मंडळांचे बारावीचे निकाल त्यानंतर लागतात. साहजिकच निवड होते ती मुख्यत्वे नववी, दहावी व अकरावीच्या गुणांवर. बारावीच्या सहामाहीची त्यास जोड मिळते. बँकेच्या परिभाषेत बोलायचे, तर बारावीची गुणपत्रिका हा एका दिवसाचा ताळेबंद आहे. महाविद्यालय मागते ती ‘ट्रान्स्क्रिप्ट’ म्हणजे चार वर्षांचा खातेउतारा.

सरासरीमागील विषय

अमेरिकेतील शाळांत सामान्यतः ‘ए’ श्रेणीस ४, ‘बी’स ३, ‘सी’स २ असे अंक देऊन त्यांची सरासरी, म्हणजेच ‘जीपीए’, काढली जाते. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ (एपी) यांसारख्या कठीण अभ्यासक्रमांस अनेक शाळा एक अंक अधिक देतात. समजा, एका विद्यार्थ्याने पाच सोपे विषय घेऊन सर्वांत ‘ए’ मिळवली. दुसऱ्याने दोन एपी विषय घेतले. त्यांत ‘बी’ व उरलेल्या तिन्हींत ‘ए’ मिळवली. साध्या सरासरीने पहिल्याचे ४.० व दुसऱ्याचे ३.६ होतात, भारित सरासरीने दोघेही ४.० वर येतात. म्हणूनच प्रवेश अधिकारी केवळ आकडा पाहून थांबत नाहीत. कोणते विषय घेतले, काठिण्य वर्षागणिक वाढले का, श्रेणी चढत गेल्या की उतरत, हेही ते तपासतात.

प्रत्येक शाळेची पद्धत निराळी असल्याने काही विद्यापीठे स्वतः फेरमोजणी करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ठरावीक विषयांच्याच श्रेणी धरते आणि जादा अंक जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते देते.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

ट्रान्स्क्रिप्टसोबत शाळेचे माहितीपत्रक जाते. शाळेत कोणते विषय उपलब्ध आहेत व गुणदान कसे होते, हे त्यावरून कळते. जो अभ्यासक्रम शाळेत शिकवलाच जात नाही, तो न घेतल्याबद्दल विद्यार्थ्यास सहसा दोष दिला जात नाही. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने एपी नसल्याची धास्ती बाळगू नये. तसेच टक्केवारीचे जीपीएत रूपांतर स्वतःच करू नये. महाविद्यालयाने तशी मागणी केली नसल्यास गुण मूळ स्वरूपातच कळवावेत.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण उद्भवते. दहावीनंतर विद्यार्थी बहुधा शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जातो. त्यामुळे नववी-दहावीची कागदपत्रे एका संस्थेकडून, तर अकरावी-बारावीची दुसरीकडून मिळवावी लागतात. नववीची गुणपत्रिका अनेक घरांत जपलीही जात नाही. ऐन मुदतीत धावाधाव टाळण्यासाठी सर्व गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती वेळीच करून घेणे श्रेयस्कर.

प्रवेशपत्र हाती आले, तरी बारावीची जबाबदारी संपत नाही. अंतिम निकाल महाविद्यालयास पाठवावा लागतो. गुण अकस्मात घसरल्यास स्पष्टीकरण मागितले जाते. प्रसंगी प्रवेशही रद्द होतो. प्रवेशच राहिला नाही, तर त्यावर आधारलेले शिक्षणकर्ज आणि व्हिसा, दोन्हींचा पायाच निखळतो.

शिक्षणकर्जाच्या चौकशीसाठी पालक शाखेत येतात, तेव्हा पाल्य बहुधा बारावीत असतो. पैशांची तरतूद त्या वेळीही करता येते. परंतु अकरावीचे हुकलेले गुण कोणत्याही कर्जातून भरून निघत नाहीत. म्हणूनच या खात्यातील बचतीस नववीपासूनच आरंभ व्हावा, हे उत्तम.