बावीस कोटींचा जांवई

जांवयाचे लाड कसे पुरवावे, हें महाराष्ट्रीय कुटुंबांस शिकवावयास नको. अधिक मासांतील वाण, दिवाळसणाचा आहेर, आणि एवढें होऊनहि पंक्तींत फुगून बसलेली ती मूर्ति ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना रुसव्याचें अर्थशास्त्र तोंडपाठ असतें. परंतु या शास्त्रांत युरोपांतील फुटबॉलच्या संघांनीं आमच्यावरहि ताण केली आहे. घरोघरचे तरुण ज्या सामन्यांसाठीं मध्यरात्र उलटेपर्यंत जागतात, त्यांमागील व्यवहार वडील मंडळींनीं एकदां समजून घ्यावा, आणि या खेळावर जीव असलेल्या एका प्रेक्षकाचें गाऱ्हाणें ऐकावें, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

ऑगस्ट २०१७ मध्यें पॅरिस सां-जर्मेन या संघानें बार्सिलोनापासून नेमार नांवाचा ब्राझिलियन खेळाडू २२ कोटी २० लक्ष युरो मोजून घेतला. आदल्याच वर्षीं मँचेस्टर युनायटेडनें पोग्बासाठीं साडेदहा कोटी मोजले, तेव्हां जगानें तोंडांत बोटें घातलीं होतीं. तीं बाहेर काढण्यास सवड मिळण्यापूर्वींच भाव दुपटीहून वर गेला! नेमार हा गुणी खेळाडू, यांत शंका नाहीं. पण त्याचें लोळणेंहि त्याच्या खेळाइतकेंच प्रसिद्ध झालें. २०१८ च्या विश्वचषकांत त्याच्या गडाबडा लोळण्याची नक्कल जगभरच्या पोरांनीं केली. २२ कोटींत एवढें रंजन पदरीं पडलें, हेंहि थोडें नव्हे!

हा सारा खर्च युरोपचें अजिंक्यपद मिळावें म्हणून होता. २०२० सालीं लिस्बन येथें संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला व बायर्न म्युनिककडून एका गोलानें हरला. तो एकमेव गोल कोणीं केला? किंग्सली कोमान यानें. हा मुलगा पॅरिसचाच, याच संघाच्या शाळेंत वाढलेला, आणि २०१४ सालीं एक छदामहि न मिळतां हातचा गेलेला! घरच्या मुलास उंबऱ्याबाहेर जाऊं द्यावें, बाहेरच्यास चौरंगावर बसवावें, आणि त्या मुलानेंच येऊन ऐन समारंभांत पान उधळावें, असा हा प्रकार झाला. तरीहि शहाणपण आलें नाहीं. २०२१ सालीं मेस्सीहि आला. मेस्सी, नेमार व एम्बापे हे त्रिदेव एका देव्हाऱ्यांत बसले, आणि दोन्ही वर्षें संघ शेवटच्या सोळांतूनच बाहेर पडला. कारण उघड आहे. चेंडू जवळ असतां तिघेहि राजे. चेंडू गेल्यावर त्यामागें धांवावें कोणीं?

पुढें मेस्सी व नेमार २०२३ सालीं आणि एम्बापे २०२४ सालीं संघ सोडून गेले. त्यानंतर, ३१ मे २०२५ रोजीं म्युनिक येथें याच संघानें इंटर मिलानचा पांच विरुद्ध शून्य असा धुव्वा उडवून प्रथमच तें पद मिळविलें. त्यांत दोन गोल करणारा डुए अवघ्या एकोणीस वर्षांचा होता. हा संघहि कांहीं फुकट जमलेला नव्हता, हें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांत अकराहि जण धांवत होते.

आतां वधुपित्याकडून वरपक्षाकडे वळूं. नेमारचे पैसे हातीं येतांच बार्सिलोनानें जें केलें, तें गांवची जमीन विकून शहरांत चैन करणाऱ्या चिरंजीवांस शोभण्यासारखें आहे. डेंबेलेसाठीं दहा कोटींहून अधिक आणि कुटिन्होसाठीं बारा कोटींहून अधिक युरो वाटेस लागले. त्यांतील कुटिन्हो लवकरच नकोसा झाला, म्हणून तो बायर्नला उसना दिला. ऑगस्ट २०२० मध्यें बायर्ननें बार्सिलोनाचा आठ विरुद्ध दोन असा पराभव केला. त्यांतील शेवटचे दोन गोल या उसन्या कुटिन्होचे! आपला वरवंटा शेजारणीस द्यावा आणि तिनें त्यानेंच आपल्या डाळीचें पुरण वाटून न्यावें, तशी ही गोष्ट. पुढच्या वर्षीं संघावर १३५ कोटी युरोंचें कर्ज असल्याचें अध्यक्षांनींच जाहीर केलें. लहानपणापासून वाढविलेल्या मेस्सीस साश्रु नयनांनीं घर सोडावें लागलें. आणि २०२२ सालीं दूरचित्रवाणीच्या स्पर्धा-हक्कांचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठीं विकण्यांत आला. नातवंडांनीं कापावयाचें पीक आजोबांनीं उभें राहण्यापूर्वींच विकलें, असा याचा सरळ अर्थ.

येथें कोणी म्हणेल, ‘खेळाडूंच्या कमाईचा तुम्हांस मत्सर कां?’ मत्सर मुळींच नाहीं. इंग्लंडांत १९६१ पर्यंत खेळाडूस आठवड्यास वीस पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी होती. मैदानें खच्चून भरत, तिकिटांचे पैसे मालकांच्या तिजोरींत जात, आणि ज्याच्यासाठीं गर्दी जमली तो खेळाडू बेताच्या मजुरीवर राबे. जिमी हिल याच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंच्या संघटनेनें संपाची नोटीस दिली, तेव्हां ही मर्यादा उठली. तें न्याय्यच झालें. खेळाडूचें आयुष्य दहा-पंधरा वर्षांचें. एक गुडघा गेला कीं सारें संपलें. तेव्हां ज्यास मिळतें त्यानें तें घ्यावें. आमचें भांडण किंमतीलाच गुण समजणाऱ्या अकलेशीं आहे, आणि त्या अकलेची किंमत भलताच कोणी भरतो, याच्याशीं आहे.

ती कोण भरतो, तें पाहा. ऑगस्ट २०१९ मध्यें मँचेस्टर युनायटेडनें मग्वायर नांवाच्या बचावपटूसाठीं ८ कोटी पौंड मोजले. त्याच महिन्यांत, त्याच परिसरांतील बरी या गांवचा संघ कर्जापायीं स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आला. हा संघ १८८५ सालीं स्थापन झालेला. १९०० व १९०३ सालीं त्यानें इंग्लंडचा प्रसिद्ध एफ. ए. चषक जिंकला होता. बरीच्या चालकांचा दोष नव्हता असें नाहीं. पण शेवटच्या दिवशीं, कोणी तरी नवा धनी येईल या आशेनें, गांवचे लोक झाडू घेऊन आले आणि त्यांनीं आपलें मैदान झाडून-पुसून स्वच्छ केलें. धनी आला नाहीं. पुढें २०२३ पासून त्या नांवाचा संघ पुष्कळ खालच्या पायरीवर पुन्हां खेळूं लागला, तोहि त्या झाडूवाल्यांच्याच चिकाटीमुळें. बापानें ज्या बांकावर बसून सामने पाहिले, त्याच बांकावर मुलास नेणारी हीं माणसें; खेळाचें खरें भांडवल तें हें. आठ कोटींच्या बातमीपुढें त्यांच्या झाडूंस कितीशी जागा मिळणार?

आपल्या देशासहि हा वारा लागला आहे. डिसेंबर २०२५ मध्यें मेस्सी कलकत्त्यास आला. सामना खेळण्यासाठीं नव्हे, दर्शन देण्यासाठीं. हजारों रुपयांचीं तिकिटें काढून लोक सॉल्ट लेकच्या मैदानावर जमले, परंतु पुढाऱ्यांच्या व पाहुण्यांच्या गराड्यामुळें देवाची पाठहि दिसेना. शेवटीं भक्तांनीं खुर्च्या व बाटल्या फेकून आरती केली. त्यांचें वर्तन अयोग्यच; पण ज्यांनीं नैवेद्याचे पैसे आगाऊ घेतले, त्यांच्याविषयीं काय म्हणावें?

तेव्हां घरांतील मुलगा परदेशी नांवाचा सदरा मागूं लागला, तर त्यास रागें भरूं नये. त्याचा खेळ पाहण्याचा आनंद खरा आहे. ‘हा पटाईत कसा?’ एवढेंच त्यास विचारावें. उत्तरांत कोटींचा आंकडा आला, तर मुलगा बाजार पाहतो आहे असें समजावें. चेंडू कसा अडविला, सोबत्यास कसा दिला, हें तो सांगूं लागला, तर खुशाल त्याच्याबरोबर एखादी रात्र जागावें. आणि संध्याकाळीं गल्लीजवळच्या मैदानावर तो स्वतः खेळत असेल, तेव्हां घरांतील दोन वडील माणसांनीं कडेला जाऊन उभें राहावें. तेथें तिकीट लागत नाहीं, आणि कोणी रुसलाच तर चिवड्यावर समजूत निघते.