गुळाची गोडी, मंद विस्तव : थायलंडचे मू पिंग

थायलंडमधील शहरांच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळी कोळशाच्या शेगडीवर भाजल्या जाणाऱ्या आणि चिकट भाताच्या लहानशा पिशवीबरोबर विकल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाच्या काड्यांना ‘मू पिंग’ म्हणतात. थाई भाषेत ‘मू’ म्हणजे डुक्कर आणि ‘पिंग’ म्हणजे विस्तवावर भाजणे. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली जाणारी ‘साते’ थायलंडबाहेर अधिक परिचित असली, तरी तिचे मूळ इंडोनेशियात आहे आणि तिच्या मसाल्यात हळद असते. मू पिंगची चव मात्र लसूण, मिरी आणि ताड-माडाच्या गुळावर उभी असते, आणि ते घरी करताना विस्तव किती ठेवायचा हे हा गूळच ठरवतो.

मसाल्याचा पाया म्हणजे लसूण, कोथिंबिरीची मुळे आणि पांढरी मिरी यांचे खलबत्त्यात कुटलेले वाटण. थाई स्वयंपाकात या त्रयीला ‘साम क्लेर’, म्हणजे तीन जिवलग मित्र, असे नाव आहे. महाराष्ट्रात जुडी निवडताना जी मुळे सहसा टाकून दिली जातात, त्यांचा वास पानांपेक्षा अधिक मातकट असून भाजताना तो टिकून राहतो. अर्धा किलो मांसासाठी चार-पाच पाकळ्या लसूण, तीन-चार मुळे व अर्धा चमचा मिरी पुरते. या वाटणात दोन मोठे चमचे गूळ, प्रत्येकी एक मोठा चमचा ‘नाम प्ला’ (मासे मिठात मुरवून काढलेला खारट अर्क) व ऑयस्टर सॉस, अर्धा चमचा सोया सॉस आणि पाव वाटी नारळाचे दाट दूध घालून मांस किमान चार तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये मुरवावे.

मुरवणातील साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकत्र येऊन मांसाला खमंगपणा व तपकिरी रंग देतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेलार्ड याने 1912 मध्ये वर्णिलेली ही प्रक्रिया ‘मेलार्ड अभिक्रिया’ म्हणून ओळखली जाते. परंतु हीच साखर तीव्र आचेवर मांस शिजण्यापूर्वीच करपून कडू होते, म्हणून निखाऱ्यांवर राखेचा करडा थर धरल्यावरच काड्या ठेवायच्या असतात. मंद आचेवर वेळ अधिक लागतो आणि चरबी नसलेले मांस तेवढ्यात वाळून जाते, त्यामुळे मांडीऐवजी मानेचा वा खांद्याचा चरबीयुक्त भाग निवडतात. तो किंचित गोठवून, धाग्यांना आडवे छेद देत, सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप काढावेत आणि अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या बांबूच्या काडीवर धावदोरा घालावा तसे, मधे चरबीचा एखादा तुकडा देत, फट न ठेवता दाटून ओवावेत; सैल ओवलेले काप सुटेसुटे वाळतात, तर दाटलेले काप एका जाड तुकड्याप्रमाणे आतला ओलावा राखतात.

भाजताना काडी वरचेवर फिरवावी आणि वेगळ्या काढून ठेवलेल्या नारळाच्या दुधाचा हात तिच्यावर फिरवत राहावा; दुधातील पाणी पृष्ठभागाचा ताप रोखते, स्निग्धांश त्याला चकाकी देतो आणि निखाऱ्यावर पडणाऱ्या थेंबांचा धूर मांसाला लागतो. कच्चे मांस मुरवलेला रस मात्र शिजत आलेल्या काडीवर लावू नये. कोळशाची सोय नसल्यास ओव्हनच्या ग्रिलखाली किंवा बिडाच्या तव्यावर हेच काम होते, फक्त धुराचा वास उणा राहतो.

सोबतीचा भात ज्या तांदळाचा करतात, त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जवळजवळ नसतो, म्हणून तो चिकटतो. हा तांदूळ कित्येक तास भिजवून, पाण्यात न शिजवता, वाफवला जातो. तोंडी लावायला असणाऱ्या ‘चेओ’ या आंबट-तिखट चटणीत नाम प्ला, चिंच किंवा लिंबू, सुक्या मिरचीची भरड आणि कोरडा भाजून कुटलेला तांदूळ असतो. बोटांनी वळलेला भाताचा गोळा या चटणीत बुडवून मांसाबरोबर खाल्ला, की गुळाच्या गोडीला आवश्यक तो आंबट छेद मिळतो.